सापाची पेटी अमेरिकेची, पाऊस गोव्याचा

जूनचा दुसरा आठवडा, बाहेर धो धो, आणि माझ्या टाकीची काच आतून अशी घामेजलेली की आत साप आहे का नाही तेच दिसेना. साप घरी येऊन तेव्हा चार महिने झाले होते. कॉर्न स्नेक, मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, नारिंगी रंगाचा, जेमतेम दीड फूट. सगळं व्हिडिओ बघून केलेलं. माशांचा जुना टँक, वर जाळी, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), आणि जाळीवर ओला टॉवेल टाका म्हणजे दमटपणा टिकतो असं त्या व्हिडिओत सांगितलेलं, म्हणून तोही टाकलेला. आई म्हणाली, अरे पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवलेली) सोलां, म्हणजे आमसुलं पण आपण पावसात ओल्या फडक्याखाली ठेवत नाही, आणि तू जितं जनावर ठेवलंस? (आमच्याकडे जुनी माणसं सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, रात्री तर नाहीच नाही.) आई बोलली ते बरोबरच होतं. साप बाहेर काढून उताणा केला तर पोटावरच्या तीन-चार खवल्यांवर तपकिरी डाग पडायला लागलेले. पोटाचे खवले कुजतात त्याची ती सुरुवात होती, डॉक्टरांचं औषध आणि कोरडी पेटी यावर महिन्याभरात बरा झाला, पण चूक माझीच.

चूक काय ते कळायला मला वेळ लागला. हे सल्ले देणारे लोक अशा घरांत राहतात जिथे बाहेर बर्फ पडतो आणि आतली हवा हीटरने सुकून गेलेली असते. त्यामुळे त्यांची अर्धी खटपट ऊब द्यायची आणि अर्धी ओल टिकवायची. आपलं गोव्यात नेमकं उलटं. इथे वर्षाचा बहुतेक काळ विचार करायचा तो गारवा कसा द्यायचा आणि ओल कशी घालवायची याचा. आता भाचा मागे लागलाय की मामा मला पण साप पाळायचाय, तर त्याला जे जे सांगितलं ते इथे लिहितो.

पहिल्यांदा कायदा, थोडक्यात. धामण, अजगर, मांडूळ, नानेटी, आपल्या रानातला-भाटातला (बागायतीतला) कुठलाच साप घरी ठेवायचा नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात गुन्हा होतो. मांडूळ पाळला की पैसा येतो वगैरे सगळी थाप, त्या थापेपायी बिचाऱ्याची तस्करी होते. मग उरतात परदेशी साप. पहिल्यांदा पाळणाऱ्याला लोक बहुतेक दोनच सुचवतात, कॉर्न स्नेक किंवा आफ्रिकेतला बॉल पायथन. बॉल पायथन सायटिस नावाच्या, वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. आपला कायदा २०२२ मध्ये बदलला, तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले, म्हणून असा साप घेतला तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर साप घेऊच नका, कितीही गोड दिसला तरी.

आता मुद्दा. साप थंड रक्ताचा असतो असं शाळेत शिकवतात ना, ते शब्द जरा फसवे आहेत. सकाळच्या उन्हात बांधावर पसरलेल्या धामणीचं रक्त काही थंड नसतं. फरक एवढाच की आपण अन्न जाळून अंग गरम ठेवतो आणि साप ते काम उन्हावर, तापलेल्या चिऱ्यावर सोपवतो. ऊब कमी पडली की उन्हात, पुरे झाली की बिळात. म्हणजे थर्मोस्टॅट (तापमान बघून ऊब चालू-बंद करणारं यंत्र) साप स्वतःच आहे, फक्त त्याला ये-जा करायला दोन ठिकाणं लागतात, आणि पेटी लावायची म्हणजे ही दोन ठिकाणं तयार करायची. कॉर्न स्नेकला एका टोकाला २९ ते ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २४-२५ च्या आसपास, बॉल पायथनला गरम बाजू ३१-३३ आणि गार बाजू २५-२७. ऊब नुसती आरामासाठी नाही हां, पचनासाठी लागते. ऊब मिळाली नाही तर पोटातला उंदीर पचायच्या आधी कुजायला लागतो आणि साप तो उलटून टाकतो. आणि पचन हे सापासाठी केवढं मोठं काम आहे बघा, बर्मी अजगराने मोठं जेवण केलं की ४८ तासांत त्याच्या हृदयाचा आकार ४० टक्क्यांनी वाढतो, पुढे काम संपलं की परत लहान होतो.

गरम टोक कुणीही करेल, दिवा लावला की झालं. गोव्यात घोडं अडतं ते गार टोकाशी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर ३३-३४ अंश, कौलांखालच्या वरच्या खोलीत त्याहून जास्त, मग पंचवीस अंश आणायचे कुठून? पेटीत नुसतं गरम आणि जास्त गरम असं उरतं आणि साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहतो. आपल्याला वाटतं मजेत डुंबतोय, आणि तो उकाड्याने जीव वाचवत असतो (कधी अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे झाले तरी पाण्यात बसतो, ते पण बघा). कुणी म्हणतं मडकं ओलं करून ठेवा. नागपूरला माठातलं पाणी गारेगार होतं कारण तिथली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपल्या हवेत आधीच एवढी वाफ की मडक्याचं पाणी उडायला बघतच नाही. एअर कूलर गोव्यात का चालत नाही त्याचं कारण हेच.

त्यामुळे गोव्यात पेटी कसली हा प्रश्न दुसरा, पेटी कुठल्या खोलीत हा पहिला. तळमजला, जाड चिऱ्याची भिंत, उत्तरेकडची खोली, पश्चिमेची भिंत नको, काचेवर ऊन तर मिनिटभर पण नको, काचेची पेटी उन्हात बंद गाडीसारखी तापते. जुन्या घरात देवघराशेजारची अंधारी खोली असते ना, तीच. आणि फ्लॅट असेल तर मे महिन्यात एसी २६ वर आणि पेटीत एका टोकाला दिवा, बिलाची तयारी ठेवा. हे परवडत नसेल तर साप घेऊ नका असं मी भाच्याला तोंडावर सांगितलं, त्याला राग आला तर आला.

आता पावसाळा. इथे एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली. हवेत किती ओल आहे ते आपण टक्क्यांत मोजतो, पण ते टक्के हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतात, कारण गरम हवेत जास्त वाफ मावते. जुलैतली आपली हवा धरा २६ अंश आणि ९० टक्के. तीच हवा, तेवढंच पाणी, नुसती ३२ अंशांपर्यंत तापवली की दमटपणा ६४ टक्क्यांच्या आसपास येतो. एक थेंब पण काढलेला नाही! पावसात शाळेचा युनिफॉर्म बल्बखाली सुकवायचो ते हेच. म्हणजे गोव्यात जुलैमध्ये सापावरचा दिवा ऊब द्यायला लागतो तेवढाच कोरडं करायला पण लागतो. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के चालतं, बॉल पायथनला ६० ते ८०, त्यामुळे खरं सांगायचं तर आपल्या हवेला बॉल पायथन जास्त सोपा.

पण थांबा, कॉर्न स्नेक फ्लोरिडातही असतो आणि फ्लोरिडाचा उन्हाळा काही कोरडा नसतो, मग माझाच का आजारी पडला? कारण रानात हवा हलते आणि साप ओल्या जागेवरून उठून कोरड्या फांदीवर जातो. माझ्या टाकीत हवा कोंडलेली आणि तळ सगळीकडून सारखाच ओला, जाणार कुठे? माशांचा टँक पाणी आत ठेवायला बनवलेला असतो, त्याच्याकडून हवा खेळती राहायची अपेक्षा चुकीची. पेटीला समोरासमोरच्या दोन बाजूंना झरोके पाहिजेत, एक खाली एक वर, म्हणजे तापलेली हवा वरून निघते आणि खालून ताजी येते. कॉम्प्युटरमधला छोटा पंखा वरच्या झरोक्याला बाहेर हवा फेकेल असा लावला तर सोन्याहून पिवळं. सापाची छाती पण विचित्र असते, कॉर्न स्नेकचं डावं फुप्फुस नावापुरतंच, सगळी भिस्त एका लांबलचक उजव्या फुप्फुसावर, त्यात पडदा नाही, आपल्यासारखा जोरात खोकून कफ काढता येत नाही. म्हणून कोंदट हवेतली सर्दी त्याला महागात पडते. तोंड उघडून श्वास, शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी फेस, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय नकोत, थेट डॉक्टर.

पेटी मी शेवटी आमच्या मेस्ताकडून (सुताराकडून) करून घेतली. साधं प्लाय नको, एका पावसात फुगतं आणि वाळवीला आयतं जेवण. हल्ली किचनच्या कपाटांना पीव्हीसी फोमचं शीट वापरतात ते उत्तम. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, पुढून सरकणारी काच. मोठा कॉर्न स्नेक तीन ते पाच फुटांचा होतो, आणि त्याला वेटोळं करूनच राहायला आवडतं हे अर्धसत्य आहे, जागा मिळाली की साप सरळ ताणून पडतात. काच पुढून अशासाठी की सापाचे शत्रू वरून येतात, घार, कापशी, त्यामुळे वरून आलेला हात म्हणजे त्याच्या डोक्यात मरणच. सांधे बुजवायला सिलिकॉन लावल्यावर त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका. मेस्ताने विचारलं कसलं कपाट हे, मी म्हटलं कुंड्यांचं. पुढे कळलं त्याला, पण तोवर पैसे दिलेले.

आत काय? लपायला दोन जागा, एक गरम टोकाला एक गार टोकाला, दोन्ही सारख्याच चिंचोळ्या. एकच ठेवली तर साप भीतीपोटी तिथेच बसतो, मग तिथे उकडो की गारठो, म्हणजे बाकी सगळी तापमानाची मेहनत पाण्यात. अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलं की त्याला सुरक्षित वाटतं, म्हणून जागा ऐसपैस नको, अंगासरशी पाहिजे. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेत उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात राहतो, आता सातेरी देवीच्या रोयणीला, म्हणजे वारुळाला हात जोडणाऱ्या आपल्याला सापाचं घर वारूळ हे वेगळं सांगायला नको. पिल्लाला नारळाची अर्धी करवंटी पालथी घालून कडेला खाच पाडली की झालं, मोठ्याला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं मातीचं मडकं आडवं. खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बॉल पायथनला चांगलं, कॉर्न स्नेकला मी पावसात सरळ कागद घालतो, दिसायला भिकार पण ओल लगेच कळते आणि बदलायला दोन मिनिटं. देवदाराचा, पाइनचा भुसा नको, त्यातले वासाचे पदार्थ सापाला बाधतात. कात टाकायच्या वेळी डोळे निळसर धुरकट झाले की एका डब्यात ओला काथ्या भरून ठेवा, जानेवारीत गोव्याची हवा सुद्धा दुपारची कोरडी होते आणि मग कात तुकड्या-तुकड्याने निघते.

दिवा आणि मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावायचेच नाहीत, नुसती मॅट पोट भाजेपर्यंत तापते आणि साप चटका बसला म्हणून उठेलच असं नाही. गरम दगड मिळतात बाजारात ते तर कुणी दिले तरी घेऊ नका. तापमान मोजायला दोन टोकांना वायरवाले दोन थर्मामीटर, गोल चिकटवायचे घड्याळासारखे असतात ते शोभेचे.

लाईट गेली तर? याबाबतीत आपण सुखी. पावसात माड पडून तारा तुटल्या आणि रात्रभर लाईट नाही तरी घरात २४-२५ अंश असतातच, निरोगी सापाला एक-दोन दिवस काही होत नाही, फक्त तेव्हा खायला घालू नका. खरी डोकेदुखी मुंग्यांची. त्याला आजीचा उपाय, दुधाच्या फडताळाच्या पायांखाली ती पाण्याच्या वाट्या ठेवायची तशाच पेटीच्या टेबलाखाली, पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला नाहीतर डासांची शेती. किडे मारायचा स्प्रे त्या खोलीत अजिबात नको.

आणि कुलूप. सापाचं डोकं जिथून जातं तिथून सगळा साप जातो. सुटलेला नारिंगी साप शेजारच्या अंगणात दिसला तर कोण विचारणार तो विषारी आहे का, दांडकंच बसेल. आणि नाही बसलं तरी परका साप इथल्या रानात नको, फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पाळलेले बर्मी अजगर सुटून तिथले छोटे प्राणी कसे फस्त झाले ते जगाने बघितलंय.

भाच्याची पेटी तयार आहे, मडगावला, साप अजून घेतलेला नाही. मी सांगितलंय की आधी महिनाभर रिकामी पेटी चालव, सकाळ-संध्याकाळ आकडे पाठव. काल रात्रीचे आले: गरम बाजू ३१, गार बाजू २७, दमटपणा ८४. खाली लिहिलेलं, मामा आता आणू? मी लिहिलं, आधी वरचा पंखा सुरू कर.