व्यवसायजन्य आजारांची यादी: नावं जुळतात, भरपाई मात्र अडते

1925 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या भरपाईविषयक करारात तीनच आजार होते: शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा आणि अँथ्रॅक्स. 1934 मध्ये ते दहा झाले आणि 1980 मध्ये 29. आज आधार धरली जाते ती याच संघटनेच्या 2002 च्या शिफारस क्रमांक 194 ची यादी. 2010 च्या सुधारणेनंतर तिच्यात शंभराहून अधिक नोंदी आहेत.

देशाची यादी तिच्याशी जुळवायची म्हटलं की नावांचं भाषांतर करून राजपत्रात छापायचा मोह होतो. पण यादीचा खरा उपयोग पुराव्यापुरता असतो. आजार यादीत आहे आणि कामगाराने शेजारच्या रकान्यात त्या आजारापुढे लिहिलेलं काम केलं आहे, एवढं दिसलं की दोन्हींचा संबंध सहसा गृहीत धरला जातो. तो सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर राहत नाही. म्हणजे निकाल लावतो तो शेजारचा रकाना. मनगटातली नस दबून हात बधिर होण्याच्या आजाराचं, कार्पल टनेल सिंड्रोमचंच बघा. आंतरराष्ट्रीय नोंदीत दीर्घकाळ जोर लावून पुन्हा पुन्हा केलेलं काम, कंपनं, मनगटाची टोकाची स्थिती किंवा यांचं मिश्रण, असं सगळं येतं. देशाच्या कायद्यात फक्त ‘कंप पावणारी हत्यारं’ लिहिलं, तर दिवसभर मांस कापणारा कामगार बाहेर पडतो. नाव मात्र तंतोतंत जुळलेलं असतं!

मुदतीचा घोळ याहून वाईट. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग बहुधा 20 ते 50 वर्षांनी उघड होतो. काम सोडल्यापासून पाच वर्षांत दावा करा असा नियम असेल, तर ती नोंद कागदावरच राहते. मुदत निदानाच्या तारखेपासून मोजायला हवी.

प्रत्यक्ष जुळवणी तक्त्यावर करावी. एका ओळीत आंतरराष्ट्रीय नोंद, देशी अनुक्रमांक, आजाराचा आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक), घातक पदार्थाशी किंवा कामाशी संपर्काची अट आणि ती नोंद कोणत्या कायद्यात आहे ते. आजार कळवण्याची यादी एका कायद्यात आणि भरपाईची दुसऱ्यात असेल, तर दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय फट दिसत नाही. आधी 1964 च्या करार क्रमांक 121 च्या, 1980 मध्ये सुधारलेल्या परिशिष्टातले 29 आजार तपासावेत. शिफारशीनुसार ते किमान हवेतच. बाकीचे शक्य तितके.

कोडवर मात्र विसंबू नये. आयसीडी-10 मध्ये जे44 हा दमकोंडीच्या जुनाट आजाराचा (सीओपीडी) कोड धूम्रपान करणाऱ्यालाही लागतो आणि खाणकामगारालाही. कामाचा धागा दिसण्यासाठी झेड57 हा कामातल्या धोक्यांशी आलेला संपर्क दाखवणारा जादा कोड आणि डॉक्टरने विचारलेला पूर्ण कामाचा इतिहास लागतो. सध्याची नोकरी तेवढी विचारून उपयोग नाही.

आंतरराष्ट्रीय यादीत रसायनांसारख्या गटांच्या शेवटी एक खुली नोंद असते: वर न आलेला, पण कामाशी थेट संबंध दाखवता येणारा आजार. देशी यादीतून बहुधा हीच गळते, कारण दाव्यांचा पूर येईल अशी भीती वाटते. ती भीती आम्हाला फारशी पटत नाही. या वाटेने येणाऱ्याला संबंध स्वतःच दाखवावा लागतो, त्यामुळे ही सगळ्यात खडतर वाट आहे.

शिफारशीत ‘संशयित व्यवसायजन्य आजार’ असा वेगळा विभागही सुचवला आहे. खुल्या नोंदीखाली आलेले दावे, फेटाळलेले धरून, काम आणि संपर्कानुसार नोंदवून ठेवले, तर पुढच्या फेरतपासणीत या विभागात काय घालायचं ते त्यांतूनच कळतं.