स्थलवाचक शब्दांची ओळख (बालशिक्षण)

वस्तू कुठे आहे हे सांगणारे आत, बाहेर, वर, खाली, मागे, पुढे, मध्ये, डावीकडे असे शब्द लहान मुलांना समजावेत व बोलता यावेत, यासाठी घरी, अंगणवाडीत आणि बालवाडीत करून घेतला जाणारा सराव. आत, वर, खाली हे शब्द बहुधा २ ते ३ वर्षांच्या सुमारास समजू लागतात; मागे, पुढे, मध्ये त्यानंतर. स्वतःचा डावा-उजवा हात ५-६ व्या वर्षी कळतो, समोरच्याचा आणखी उशिरा.

आधी अंग, मग वस्तू, शेवटी चित्र हा क्रम सोडू नये. मूल स्वतः पाटावर उभे राहते, पलंगाखाली शिरते. मग खोका आणि चेंडू घ्यावा. एका वेळी एकच जोडी, ५ ते ७ मिनिटे. आधी सूचना ऐकून कृती, काही दिवसांनी ‘चेंडू कुठे आहे?’ हा प्रश्न. ‘डब्यात’मधला ‘त’ घाईत ऐकूच येत नाही, म्हणून सुरुवातीला ‘डब्याच्या आत’ असे सुटे म्हणावे.

फसगत होते ती इथे: शब्द न कळताही मूल बरोबर कृती करते. पोकळ वस्तू दिसली की आत टाकायचे आणि सपाट दिसली की वर ठेवायचे, हा लहान मुलांचा कल भाषाशास्त्रज्ञ ईव्ह क्लार्क यांनी १९७०च्या दशकातील प्रयोगांत दाखवला. म्हणून उताणी वाटी देऊन ‘आत ठेव’ म्हणण्याने काहीच तपासले जात नाही. तीच वाटी देऊन ‘खडा वाटीच्या खाली ठेव’ म्हणावे. नुसते ‘खाली ठेव’ म्हटले तर मूल खडा जमिनीवर ठेवते, आणि ते चुकलेले नसते. सूचना देताना नजर किंवा बोट त्या जागेकडे गेले, तरी उत्तर फुटते. डावे-उजवे शिकवताना शिक्षिकेने मुलांकडे पाठ करून उभे राहावे. समोरासमोर उभे राहिल्यास मुले आरशासारखी उलटी नक्कल करतात.

मागे-पुढेसाठी तोंड असलेली वस्तू लागते: बाहुली, ट्रॅक्टर, बस. चेंडूला किंवा झाडाला स्वतःची मागची बाजू नसते, ती बघणाऱ्याच्या जागेवरून ठरते. नाशिकच्या रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला दोन्हीकडे तोंड. त्याची पाठ कोणती, हा प्रश्न मोठ्या गटासाठी राखून ठेवावा. अलीकडे-पलीकडे तर थेट पहिली-दुसरीत घ्यावे. नाशिकमध्येच पंचवटीतल्या मुलाला भद्रकाली गोदावरीच्या पलीकडे, भद्रकालीतल्याला पंचवटी पलीकडे. दोघांचेही बरोबर, हे नकाशापेक्षा पुलावर उभे राहून लवकर पटते.

बागलाण, मालेगावकडची अहिराणी बोलणारी मुले ‘घरात’ऐवजी ‘घरमा’ म्हणतात. त्यांना स्थान नेमके कळलेले असते. ‘चूक’ म्हणून थांबवले की मूल बोलायचेच बंद होते. त्याचे उत्तर मान्य करून ‘हो, घरात’ एवढे म्हणावे.