पार्श्वभूमी : बौद्ध आचार्य, समाजमाध्यमे आणि दोष बाहेर सांगण्याचा प्रश्न

बौद्ध आचार्यांच्या पोस्ट, लाईव्ह प्रवचने आणि कमेंटमधली भांडणे यांवरून वाद पेटला की दोन्ही बाजू विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांचा, आधार घेतात. पाचित्तियातले (कबुली द्यावी लागणाऱ्या दोषांच्या गटातले) दोन नियम इथे थेट लागू पडतात. आठवा असा की, ध्यानात काही साधले असले तरी उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, न घेतलेल्या माणसाला ते सांगू नये. नववा असा की, दुसऱ्या भिक्खूचा गंभीर दोष संघाच्या संमतीविना अशा माणसाला सांगू नये.

नवव्यामागची हकीकत सावत्थीची (श्रावस्तीची) आहे. एक भिक्खू परिवासाचे, म्हणजे काही काळ खालच्या दर्जाने राहण्याचे, प्रायश्चित्त घेत होता, म्हणून संघभोजनात अगदी शेवटच्या आसनावर बसला होता. ज्यांच्याशी त्याचे भांडण होते, त्या भिक्खूंनी उपासकांना कारण सांगून त्याची अब्रू काढली. त्याचे प्रकरण संघापुढे आलेले होते, प्रायश्चित्तही सुरू होते. गुरूंची प्रकरणे झाकण्यासाठी हा नियम पुढे करणारे एवढा तपशील मात्र गाळतात.

१९९३ च्या मार्चमध्ये धर्मशाळेत पाश्चात्त्य आचार्यांची तिबेटी धर्मगुरू दलाई लामा यांच्यासोबत बैठक झाली. त्यानंतरच्या खुल्या पत्रात आचार्यांनी नेमकी उलट दिशा धरली : शिष्याने आधी गुरूला समोरासमोर विचारावे, सुधारणा दिसली नाही आणि निर्विवाद पुरावा असला तर दोष जाहीर करायला कचरू नये, मग गुरूचे बाकीचे काम कितीही मोठे असो. परंपरावाद्यांना यात गुरुनिष्ठेचा भंग दिसला. पण त्या वर्तुळातले बरेच आचार्य गृहस्थ होते. त्यांच्यावर पातिमोक्खाचे (भिक्खूंच्या नियमसंहितेचे) बंधन नव्हते, आणि चौकशी करील असा संघही त्यांच्या डोक्यावर नव्हता. अशा वेळी शिष्याने जायचे कुठे? या प्रश्नाला टीकाकारांकडे आजही धड उत्तर नाही.

या भूमिकेची खरी कसोटी इंटरनेटवर लागली. जुलै २०१७ मध्ये आठ जुन्या शिष्यांनी एका प्रसिद्ध तिबेटी गुरूला लिहिलेले पत्र बघता बघता सगळीकडे पसरले. ऑगस्टमध्ये गुरू पायउतार झाले, आणि २०१८ च्या स्वतंत्र चौकशीत शारीरिक व लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींना दुजोरा मिळाला.

म्यानमारमध्ये प्रश्न दोष सांगण्याचा नव्हता, भिक्खूच्या स्वतःच्याच वाणीचा होता. मुस्लिमांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्या एका भिक्खूवर मार्च २०१७ मध्ये तिथल्या संघाने वर्षभर प्रवचनबंदी घातली. तो तोंडावर पट्टी चिकटवून श्रोत्यांपुढे बसला आणि जुन्या प्रवचनांचे रेकॉर्डिंग वाजत राहिले. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने त्याचे पान कायमचे काढले. तोवर व्हायचे नुकसान होऊन गेले होते.

थायलंडमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये दोन भिक्खूंचे थट्टामस्करी करत चाललेले लाईव्ह प्रवचन एका वेळी २ लाखांहून अधिक लोक पाहत होते. मोठ्याने हसण्याला सेखिय, म्हणजे शिष्टाचाराच्या, नियमांत मनाई आहे खरी, पण ती गावात जाता-बसतानाची. तरीही संसदीय समितीने त्यांना खुलाशासाठी बोलावले. डिसेंबरमध्ये दोघांनीही चीवर, म्हणजे भिक्खूपण, सोडले.