जुन्या हिऱ्यातलं ‘भोक’ म्हणजे खोट नव्हे

आजीच्या अंगठीतल्या हिऱ्यात मधोमध बारीक ठिपका दिसला, की ‘हिऱ्याला भोक आहे, फुटका निघाला’ असं सर्रास सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. तो ठिपका म्हणजे क्युलेट, हिऱ्याचं तळाचं टोक मुद्दाम सपाट घासून केलेला पैलू. ओल्ड माइन कट या पैलू पाडण्याच्या जुन्या घडणीत साधारणपणे वर 33, खाली 24 आणि हा एक, असे 58 पैलू असतात. टोक अणकुचीदार ठेवलं तर टवका उडण्याची भीती, म्हणून ही सोय. वरून पाहताना त्या जागी उजेड परत न फिरता आरपार निघून जातो, म्हणून तिथे भोक असल्याचा भास होतो.

खात्री करायची तर 10 पट भिंग घ्या आणि वरच्या सपाट पैलूतून थेट तळ बघा. कडा सरळ, बहुधा आठ बाजू, पृष्ठभाग गुळगुळीत दिसला तर ते क्युलेट. कडा वेडीवाकडी आणि आत शिंपल्यासारख्या लाटा असतील, तर मात्र खरंच टवका उडालाय.

ठिपका घालवायला हिरा पुन्हा कापून घेऊ नका. वजन घटतंच, शिवाय मेणबत्तीच्या मंद उजेडात रुंद ठिणग्या टाकणारी ती जुनी घडण कायमची जाते. कोंदण मागून बंद असेल तर दागिना पाण्यात बुडवूही नका; हिऱ्यामागचा चकचकीत पातळ पत्रा ओलाव्याने काळा पडतो.