मॉर्मन पंथ : धर्म आणि राज्य यांची फारकत

लॅटर-डे सेंट्स, म्हणजे रूढ भाषेत मॉर्मन, हा जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला पंथ. मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे. पक्ष आणि उमेदवार यांच्यापासून चर्च अलिप्त राहते. मात्र ज्यांना ते नैतिक प्रश्न समजते त्यांवर बोलण्याचा हक्क राखून ठेवते. कोणता प्रश्न नैतिक आणि कोणता निव्वळ राजकीय, हे ठरवते चर्चच. खरा वाद तिथेच आहे.

शास्त्राधार आहे ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ या धर्मग्रंथाचा १३४ वा विभाग. ऑगस्ट १८३५ मध्ये ओहायोतील कर्टलंडच्या सभेने तो संमत केला. स्मिथ तेव्हा गावात नव्हता. त्यात १२ कलमे आहेत. नववे कलम सांगते, की एका पंथाला पोसून दुसऱ्याचे हक्क हिरावले जातील अशी धर्म आणि शासनाची सरमिसळ न्याय्य नाही. दहाव्यानुसार धर्मसंस्थेने सभासदाला फार तर बाहेर काढावे. त्याच्या मालमत्तेला किंवा जिवाला हात लावू नये. जोडीला १८३३ चा १०१ वा विभाग आहे. त्यात अमेरिकेची राज्यघटना देवानेच शहाण्या माणसांकरवी घडवून घेतली असे म्हटले आहे. घटनेबद्दलचा मॉर्मन जिव्हाळा येथून येतो.

आचरण मात्र, ना राज्याचे ना पंथाचे, या कलमांप्रमाणे राहिले नाही. ऑक्टोबर १८३८ मध्ये मिसूरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना संपवा किंवा राज्याबाहेर हाकला असा हुकूम काढला (तो रीतसर रद्द झाला १९७६ मध्ये). पुढे इलिनॉयमधील नॉवू येथे स्मिथ एकाच वेळी धर्मप्रमुख, महापौर, शहराच्या सैन्याचा सेनापती आणि १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारही होता. विरोधकांच्या वृत्तपत्राचा छापखाना नगरपरिषदेच्या हुकमाने फोडला गेला. त्या प्रकरणातून तो तुरुंगात पोचला आणि २७ जून १८४४ रोजी जमावाने त्याला तिथेच ठार केले. हाती सत्ता नसताना फारकतीचा आग्रह आणि सत्ता आल्यावर तिचा विसर, हे या पंथापुरतेच घडलेले नाही. इथे ते अवघ्या काही वर्षांत घडले, एवढेच.

युटात ब्रिगहॅम यंग १८५८ पर्यंत चर्चचा अध्यक्ष आणि प्रदेशाचा गव्हर्नर अशा दोन्ही गाद्यांवर होता. केंद्र सरकारशी संघर्ष पेटला तो पंथातील बहुपत्नीत्वावरून. १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की श्रद्धा मुक्त आहे, कृती नाही. पतीच्या चितेवर जाळून घेणे हे कर्तव्य मानणाऱ्या स्त्रीला शासनाने अडवू नये काय, असा दाखलाही न्यायालयाने दिला. सती हा शब्द न वापरता दिलेला हा भारताचाच दाखला. १८८७ च्या कायद्याने चर्चची कायदेशीर संस्था मोडली आणि युटातील स्त्रियांना १८७० पासून असलेला मताधिकारही काढून घेतला. अखेर सप्टेंबर १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी नव्या बहुपत्नी विवाहांपासून माघार घेणारे निवेदन काढले.

युटाला राज्याचा दर्जा मिळण्यासाठी दुसरी अट अलिखित होती : मॉर्मनांनी गठ्ठ्याने मतदान करू नये. चर्चच्या छत्राखालचा पीपल्स पार्टी हा पक्ष १८९१ मध्ये विसर्जित झाला आणि अनुयायांना रिपब्लिकन व डेमोक्रॅट यांत विभागायला सांगण्यात आले. प्रार्थनागृहातल्या एका बाजूचे या पक्षात, दुसऱ्या बाजूचे त्या पक्षात, अशी वाटणी बिशपने केल्याची कथा युटात अजून सांगतात. ४ जानेवारी १८९६ रोजी युटाला राज्याचा दर्जा मिळाला. ‘चर्च आणि राज्य यांचे ऐक्य असणार नाही, कोणतेही चर्च राज्यावर वर्चस्व गाजवणार नाही’ हे त्याच्या घटनेच्या पहिल्याच प्रकरणात आहे. त्याच वर्षी वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी निवडणूक लढवण्यापूर्वी चर्चची परवानगी घ्यावी असा नियम झाला. तो न मानणारे मोझेस थॅचर यांचे प्रेषितपद (चर्चच्या वरिष्ठ नेतृत्वातले पद) गेले. उलट प्रेषित रीड स्मूट परवानगी घेऊन सिनेटर झाले, पण त्यांची जागा वैध ठरायला १९०७ उजाडले.

आज निवडणुकीच्या सुमारास अध्यक्षमंडळाचे पत्र प्रार्थनासभेत वाचले जाते : मत द्या, उमेदवार स्वतः पारखा. चर्चच्या इमारती आणि सभासदांच्या याद्या प्रचाराला वापरता येत नाहीत. २०११ पासून पूर्णवेळ वरिष्ठ धर्माधिकारी आणि त्यांचे जोडीदार प्रचार करू शकत नाहीत, देणगीही देऊ शकत नाहीत. २०२३ च्या पत्राने परंपरेने एकाच पक्षाला सरसकट मत देण्यावरही बोट ठेवले. यामागे करसवलतही आहे : १९५४ च्या तरतुदीनुसार उमेदवाराचा प्रचार करणारी धर्मादाय संस्था ती गमावू शकते.

नैतिक प्रश्नांवर मात्र जोर लावला जातो, आणि तो नेहमीच चालतो असे नाही. चर्चच्या अध्यक्षांचा विरोध असूनही १९३३ मध्ये देशव्यापी दारूबंदी उठवणाऱ्या घटनादुरुस्तीला मान्यता देणारे निर्णायक ३६ वे राज्य युटाच ठरले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्धच्या ‘प्रपोझिशन ८’ साठी वेळ आणि पैसा द्या असे पत्र वाचले गेले. प्रस्ताव जिंकला, पण काही खर्च उशिरा नोंदवल्याबद्दल चर्चला दंड भरावा लागला.

फारकतीची रोजची कसोटी शाळेत लागते. १९१२ पासून सॉल्ट लेक सिटीत विद्यार्थी शाळेच्या एका तासाला, शेजारच्या चर्चच्या इमारतीत धर्मशिक्षणासाठी जातात. १९८१ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ही सूट वैध ठरवली. त्या तासाला दिले जाणारे ऐच्छिक विषयाचे श्रेयांक मात्र नाकारले. हजेरीच्या चिठ्ठ्या आणायला शाळेने आपला विद्यार्थी धाडायचा नाही. त्या चर्चने पोचवायच्या.