गाडीतली ‘मरीन’ बॅटरी : एका नावाची पार्श्वभूमी

गाडीत फ्रिज, पंखा आणि दिवे बसवून मुक्कामाची सोय करणाऱ्यांपुढे दुसरी बॅटरी कोणती घ्यावी हा प्रश्न हटकून येतो, आणि बहुतेक वेळा सल्ला मिळतो तो असा, की गाडीची नेहमीची बॅटरी घेऊ नये, ‘मरीन डीप सायकल’ घ्यावी. या सल्ल्यात दोन निराळे शब्द एका दमात उच्चारले जातात. ‘डीप सायकल’, म्हणजे वारंवार खोलवर रिकामी करून पुन्हा भरता येणारी, हे बॅटरीच्या अंतरंगाविषयी काही सांगते. ‘मरीन’ हा शब्द ती कोणत्या गिऱ्हाइकासाठी मांडली आहे एवढेच सांगतो. पुढचा बराचसा गोंधळ या दोन शब्दांच्या जोडीतून आलेला आहे, आणि ती जोडी जमली अमेरिकेत, हौशी मासेमारीच्या छोट्या बोटी आणि मुक्कामी गाड्या यांच्या बाजारपेठेत.

शिशाची बॅटरी १८५९ ची, आणि जाळीत लेप भरून प्लेट करण्याची पद्धत १८८१ च्या सुमाराची. मोटारीत बॅटरी आली ती इंजिन सुरू करण्यासाठी नव्हे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विजेवर चालणाऱ्या मोटारींचा चांगला खप होता. त्यांच्या बॅटऱ्या दिवसभर रिकाम्या होत आणि रात्री पुन्हा भरल्या जात. म्हणजे मोटारीची पहिली बॅटरी कामाच्या दृष्टीने डीप सायकलच होती. १९१२ मध्ये एका अमेरिकी कंपनीने हँडल मारण्याऐवजी विजेच्या मोटरीने इंजिन सुरू होणारी गाडी विक्रीस आणली, आणि तेथून बॅटरीचे काम पालटले. तिने गाडी ओढायची नव्हती; क्षणभर जोराचा झटका द्यायचा आणि मग बाजूला व्हायचे, एवढेच तिच्याकडून अपेक्षित होते.

हा झटका किती लहान असतो ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. सेल्फ मारताना २०० अँपिअर प्रवाह ३ सेकंद वाहिला असे धरले, तर खर्च होतो तो एका अँपिअर-तासाचा (एक अँपिअर प्रवाह तासभर देणाऱ्या साठ्याचा) जेमतेम सहावा भाग. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून एवढे गेले तर ते तिला जाणवतही नाही, आणि इंजिन सुरू होताच त्यावर फिरून वीज तयार करणारा आल्टरनेटर तूट भरून काढतो. प्रश्न साठ्याचा नसून वेगाचा आहे. म्हणून सेल्फसाठीच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा घालतात, कारण आम्लाला जितका अधिक पृष्ठभाग भिडेल तितका प्रवाह एकदम मिळतो.

तीच बॅटरी रोज निम्म्यापेक्षा खाली उतरवली की वेगळे प्रकरण सुरू होते. वीज देताना प्लेटेवरील लेपाचे शिसे-सल्फेट होते आणि त्याचे आकारमान वाढते; चार्ज होताना ते पुन्हा आक्रसते. या फुगण्या-आक्रसण्याने लेप सैल होऊन गळतो आणि बॅटरीच्या तळाशी तपकिरी चिखल होऊन बसतो. पातळ प्लेटेवर मुळातच लेप थोडा, त्यामुळे काही डझन खोल उतारांतच, म्हणजे तेवढ्या वेळा खोलवर रिकामी झाल्यावरच, ती थकते. जाड प्लेटा, घट्ट लेप आणि लेपाला दाबून धरणारी काचतंतूंची चटई असलेली बॅटरी असे शेकडो उतार सोसते. मात्र तिचा प्रवाह संथ असतो, आणि तेवढ्याच आकाराच्या सेल्फ-बॅटरीइतका झटका तिच्याकडून मिळत नाही.

इथवरचा फरक प्लेटेच्या जाडीचा होता. तो आणखी रुंदावला तो १९७० च्या दशकात, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. शुद्ध शिसे मऊ असल्यामुळे जाळीत पूर्वीपासून अँटिमनी हे मूलद्रव्य मिसळत. अँटिमनीमुळे जाळी कणखर होते, शिवाय लेप आणि जाळी यांची पकड खोल उतारांतही टिकते. पण त्यामुळेच चार्जिंगच्या वेळी पाणी लवकर उडते, म्हणून दर महिन्याला झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर टाकणे आले. टेलिफोन केंद्रांतील बॅटऱ्यांसाठी १९३० च्या दशकात अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरण्याचा पर्याय पुढे आला होता. या बॅटऱ्या कायम चार्जवर असत आणि क्वचितच उतरत, त्यामुळे तेथे तो शोभून दिसला. १९७० च्या दशकात मोटार कंपन्यांना पाणी न टाकावे लागणारी बंद बॅटरी हवी होती, आणि तेव्हा कॅल्शियमची जाळी गाड्यांतही आली. गाडीवाल्याची कटकट गेली, पण सुरुवातीच्या या बॅटऱ्या चार-सहा वेळा पूर्ण उतरल्या की पुन्हा नीट भरेनाशा होत, कारण जाळी आणि लेप यांच्यामध्ये वीज अडवणारा थर धरत असे. पुढे मिश्रधातूत कथिल वाढवून हा दोष पुष्कळ कमी करण्यात आला, तरी गाडीची बॅटरी खोल उताराला अधिकच नाजूक झाली ती या निर्णयानंतर. जुन्या चालकांना आठवणारी, रात्रभर दिवे राहिले तरी सकाळी चार्ज करून पुन्हा उभी राहणारी बॅटरी अँटिमनीची होती. ‘पूर्वीच्या बॅटऱ्या चांगल्या होत्या’ या नेहमीच्या तक्रारीत एवढे तथ्य निश्चित आहे.

याच काळात अमेरिकेतील तळ्यांवर वेगळी गरज तयार होत होती. मासे बिचकू नयेत म्हणून बोट आवाज न करता हळूहळू सरकवणाऱ्या विजेच्या छोट्या मोटरी १९३० च्या दशकापासून होत्या. स्पर्धात्मक मासेमारी वाढली तसा त्यांचा प्रसार झाला. अशी मोटर तासन्‌तास वीज खाते. म्हणजे बोटीवर दोन कामे आली : पेट्रोलच्या इंजिनाला झटका देणे आणि विजेच्या मोटरीला दिवसभर पुरणे. मोठ्या बोटीत त्यासाठी दोन स्वतंत्र बॅटऱ्या ठेवता येतात. लहान बोटीत जागा नसते, आणि तिच्यासाठी ‘दुहेरी कामाची’ बॅटरी बाजारात आली : मध्यम जाडीच्या प्लेटा, उचलायला दोरीची मूठ, आणि टोकांना नेहमीच्या शंकूसोबत पंखाच्या नटाचा स्क्रू. तिच्या पेटीवर ‘मरीन’ छापले गेले. मुक्कामाच्या गाड्यांना हीच पेटी चालते हे विक्रेत्यांच्या ध्यानात आल्यावर त्याच लेबलावर गाड्यांचा उल्लेखही जोडला गेला.

येथे ‘मरीन’ या शब्दाकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण त्याच्या आड तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, बोटीच्या इंजिनासाठीची निव्वळ सेल्फ-बॅटरी, जी आतून गाडीच्या बॅटरीसारखीच असते. दोन, वर सांगितलेली दुहेरी. तीन, खरोखरची डीप सायकल, जी गोल्फच्या गाड्यांतील ६ व्होल्टच्या जड बॅटऱ्यांची नातेवाईक आहे. तिन्हींवर नांगराचे किंवा लाटेचे चित्र असू शकते. पेटीवर ‘मरीन’ छापायचे तर आतली प्लेट इतक्या जाडीची असलीच पाहिजे, असे बंधन बाजाराने पाळल्याचे दिसत नाही. अमेरिकेतील पेट्रोल-बोटींच्या सुरक्षानियमांत बॅटरीविषयी कलमे आहेत, पण ती बसवण्याविषयीची आहेत : उघड्या टोकावर धातूची वस्तू पडू नये, हायड्रोजन बाहेर जाण्यास वाट असावी, आणि जोडणी केवळ स्प्रिंगच्या दाबावर अवलंबून नसावी. हे नियम उत्तम आहेत आणि गाडीत बॅटरी बसवणाऱ्यानेही ते पाळावेत. तथापि आतल्या प्लेटा किती काळ टिकतील याविषयी त्यांतून काहीही कळत नाही.

लेबलावरील आकड्यानेही या गोंधळात भर घातली. गाडीच्या बॅटरीचा थंडीतील झटका उणे १८ अंश सेल्सिअसला मोजतात : ३० सेकंदांत व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता जेवढे अँपिअर मिळतील तो आकडा. बोटीच्या बॅटरीसाठी हीच चाचणी ० अंशाला करतात. कडाक्याच्या हिवाळ्यात पाणी गोठलेले असताना बोट कोण काढणार, हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा होतो, की तीच बॅटरी मरीन मापाने सुमारे सव्वापट बलवान दिसते. गाडीच्या ८०० अँपिअरच्या बॅटरीशेजारी बोटीची १००० ची पेटी ठेवली, तर गिऱ्हाईक साहजिकच दुसरी उचलतो. प्रत्यक्षात दोन्ही सारख्याच असू शकतात. खोटे कोणीच बोललेले नसते, पण मापाचा फायदा एकाच बाजूला जातो.

मुक्कामाच्या गाडीला तर हा आकडा हवाच कशाला? फ्रिजला झटका लागत नाही, त्याला साठा लागतो. साठ्यासाठी दोन मापे प्रचलित आहेत. एकात २५ अँपिअर प्रवाह किती मिनिटे मिळतो ते मोजतात. आल्टरनेटर बंद पडला तर रात्री दिवे लावून गाडी घरी पोचेल का, या काळजीतून ते माप आले. दुसरे २० तासांत मिळणाऱ्या अँपिअर-तासांचे. २५ अँपिअरवर १२० मिनिटे चालणारी बॅटरी त्या गतीने ५० अँपिअर-तास देते. तीच सावकाश वापरली तर अधिक देते, हे १८९७ पासून सूत्रात बांधलेले आहे. ज्या पेटीवर झटक्याचा आकडा ठळक आहे आणि २० तासांचा आकडाच नाही, ती पेटी नावाने काहीही असली तरी तिच्यावर फ्रिज चालवण्याचा बेत करू नये.

दुहेरी बॅटरीविषयी या टिपणाचे मत फारसे अनुकूल नाही. एकाच पेटीची जागा असलेल्या लहान बोटीत तिचे समर्थन करता येते. गाडीत इंजिनाची बॅटरी आधीच असते, त्यामुळे दुसऱ्या पेटीवर दोन्ही कामांचा भार घालण्याचे कारण उरत नाही. पुष्कळ गाडीवाल्यांनी तरीही ती घेतली, कारण ती मोटार-सामानाच्या दुकानात सहज मिळे आणि नेहमीच्या चौकटीत बसे. ६ व्होल्टच्या दोन उंच पेट्या एकामागे एक जोडण्याचा खटाटोप नको होता.

दोन बॅटऱ्या एका आल्टरनेटरवर आणण्याचे प्रकरणही असेच वाढत गेले. आरंभी रिले, म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणारा स्विच असे, मग वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडचे विभाजक आले, पण डायोड सुमारे ०.७ व्होल्ट स्वतःच खातो, त्यामुळे मागची बॅटरी कधीच पूर्ण भरत नसे आणि प्लेटांवर सल्फेट कडक होत जाई. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांनी जुना वादच बराचसा कालबाह्य केला. काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणाऱ्या एजीएम बॅटऱ्या १९९० च्या दशकात मोटारींपर्यंत पोचल्या. चटई लेपाला दाबून धरते आणि अंतर्गत रोधही कमी असतो, त्यामुळे झटका आणि उतार ही दोन्ही कामे त्या दुहेरी मरीन पेटीपेक्षा अधिक प्रामाणिकपणे करतात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्या आल्या आणि मोटार कंपन्यांनाच उतार सोसणाऱ्या बॅटऱ्या घालाव्या लागल्या. इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज खालीवर करणारे आल्टरनेटर आले, तेव्हा साधा रिले निरुपयोगी ठरून आल्टरनेटरचे व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला हवे तसे करून देणारा स्वतंत्र डीसी-डीसी चार्जर बसवणे भाग पडले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेतून बाहेर आलेले लिथियम आयर्न फॉस्फेट आता १२ व्होल्टच्या तयार पेटीत मिळते. तिचा जवळजवळ सगळा साठा वापरता येतो आणि वजन निम्म्याहून कमी असते. मात्र ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, आणि थेट आल्टरनेटरला जोडली तर एवढा प्रवाह ओढते की तोच तापून जातो.

महाराष्ट्रात हा वाद बोटीच्या नव्हे, भारनियमनाच्या रूपाने आला. २००० च्या दशकात तासन्‌तास वीज जाऊ लागली तेव्हा घरोघरी इन्व्हर्टर आले, आणि अनेकांनी त्याला ट्रकची बॅटरी जोडून पाहिली. ती लवकर ‘बसे’, आणि मग दुकानदार ट्यूब्युलर सुचवी, जिच्यात लेप नळ्यांच्या वेष्टणात बंदिस्त असल्यामुळे गळत नाही. आपल्याकडची खरी, सर्वत्र मिळणारी डीप सायकल बॅटरी हीच. तिला ‘मरीन’ म्हणण्याची वेळ येथे कोणावर आली नाही, म्हणून व्हॅनसाठी बॅटरी शोधणाऱ्याला ती नजरेसमोर असूनही दिसत नाही. अर्थात तिची अडचणही खरी आहे : १५० अँपिअर-तासांची उंच ट्यूब्युलर ५० किलोंच्या वर जाते, तिला पाणी टाकावे लागते, आणि घाटातल्या वळणांवर कलंडली तर आम्ल सांडते. ज्या गाडीत झोपायचे तिच्या बंद केबिनमध्ये चार्ज होताना तिचा हायड्रोजन साचतो, म्हणून ती बाहेरच्या पेटाऱ्यात, खाली पट्ट्याने आवळून आणि वर हवेला वाट ठेवून बसवावी लागते. ही व्यवस्था जमणार नसेल त्याला एजीएम किंवा लिथियमचे पैसे मोजावे लागतात.