जस्त झिजतं म्हणून लोखंड टिकतं

कोकणात बागेला पूर्वी चिऱ्यांचा गडगा असे, नाहीतर दरवर्षी नव्याने घालायची काट्याकुट्यांची वई. आता बहुतेक ठिकाणी जाळी आली. दुकानात गिऱ्हाईक आधी भाव विचारतं, मग भोकं केवढी ते. तारेवर जस्त किती आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

चांगली तार सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली असते. फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या अभियंत्याने या पद्धतीचं पेटंट घेतलं ते १८३७ साली. आपण हिला जीआय, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्नची तार म्हणतो. जस्त रंगासारखं नुसतं झाकून बसत नाही. ओल्या तारेवर जस्त आणि लोखंड मिळून एक इवलीशी बॅटरी बनते, तीत जस्त विरघळतं आणि लोखंड शाबूत राहतं. म्हणूनच पक्कडीने कापलेलं टोकही लगेच गंजाने खाल्लं जात नाही. शेजारचं जस्त काही मिलिमीटरपर्यंत त्याला सांभाळून घेतं.

मात्र हा साठा संपणारा आहे. चौरस मीटरला ७ ग्रॅम जस्त म्हणजे जेमतेम १ मायक्रॉनचा थर. थर दुप्पट असेल तर आयुष्यही साधारण दुप्पट. देशावरच्या कोरड्या हवेत जस्तावर कार्बोनेटचा राखाडी, चिवट पापुद्रा धरतो आणि झीज मंदावते. खाऱ्या वाऱ्यात तो पापुद्रा नीट टिकत नाही. त्यामुळे पुण्याच्या पाहुण्याने सुचवलेली जाळी बंदराजवळच्या घराला पुरेलच असं नाही.

नंबराचा घोळ वेगळाच. नंबर वाढला की तार बारीक होते: १० नंबरची तार ३.२५ मिलिमीटर, १२ नंबरची २.६४. फरक किरकोळ वाटतो, पण १० नंबरच्या तारेत लोखंड दीडपट असतं. वेल्डेड जाळी घेताना जोड नीट बघावेत. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्यामुळे आधी जस्त चढवून मग वेल्डिंग केलं असेल, तर जोडावरचं जस्त उडून गेलेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. आणि जाळी खांबाला बांधायला स्लॅबच्या कामातली काळी बाइंडिंग तार कृपा करून वापरू नका. ती स्वतः गंजतेच, वर तिला वाचवण्यात शेजारचं जस्तही खर्ची पडतं.

आमच्या बागेत मधले खांब ओळंब्यात राहिले आणि कोपऱ्यातला पहिल्याच पावसाळ्यात आत कलला. गवंड्याला बोल लावून झाल्यावर कारण कळलं. मधल्या खांबाला दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ असते, ती एकमेकींना मारते. कोपऱ्यावर दोन्ही ओढी बागेच्या आत, तिरक्या पडतात. त्यात तारेचा झोल निम्मा करायचा तर ताण दुप्पट करावा लागतो. ‘अजून थोडी ओढ रे’ म्हणत मीच तो खांब पाडत होतो. कोपऱ्याचा खांब खोल, काँक्रीटमध्ये बसवावा आणि त्याला दोन्ही ओळींच्या दिशेने तिरपे टेकू द्यावेत. मगच तार ताणावी.

आडोशासाठी जाळीवर हिरवं शेडनेट चढवणाऱ्यांनी वाऱ्याचा हिशेब करावा. ताशी ७२ किलोमीटरचा वारा सपाट अडथळ्यावर चौरस मीटरला सुमारे २४ किलोचा रेटा देतो. खांबांमध्ये ३ मीटर अंतर आणि उंची २ मीटर, म्हणजे दर गाळ्याला दीडशे किलोच्या आसपास. शेडनेटमधून थोडा वारा निसटतो, पण उघड्या जाळीच्या मानाने खांबांवरचा भार कितीतरी वाढतो.

माकडांना जाळी म्हणजे शिडीच, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. नायलॉनची बारीक, सैल जाळी जमिनीलगत सोडू नये, तीत धामण अडकून मरते. रानडुक्कर मात्र खालून उकरतं, आणि तेही अगदी कुंपणाच्या बुडाशी. तिथे जाळीची फूटभर पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवी पुरली, तर उकरणारं तिच्यावरच उभं राहतं आणि त्याला वाट सापडत नाही. आपल्या तांबड्या, आंबट मातीत जस्त लवकर संपतं, म्हणून ही पट्टी मुख्य जाळीला अखंड ठेवू नये. वेगळी बांधावी, म्हणजे ती सडली की तेवढीच बदलता येते.